‘गाडी’ची ‘दाडी’ होते, तेव्हा घरच्यांनी काय करावं?

प्रश्न: माझा मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. दिवसभर बडबड चालू असते, पण त्यातलं बरंचसं फक्त मला आणि त्याच्या मोठ्या बहिणीलाच कळतं. गाडीला ‘दाडी’, काकाला ‘ताता’, राजाला ‘लाजा’, पुस्तकाला ‘पुत्तत’ म्हणतो. त्याचे बाबा गमतीनं ‘दाडी’ म्हणाले की चिडून ओरडतो, “दाडी नाही, दाडी!” मी रोज समोर बसवून ‘ग… ग… गाडी’ म्हणायला लावते, तर पळून जातो. बालवाडीच्या बाई म्हणाल्या की वर्गात त्याचं बोलणं कुणालाच कळत नाही. सासूबाई म्हणतात, जीभ जड आहे, आपोआप सुटेल. ओळखीच्या एकीनं जिभेखालचा पडदा कापून घ्यायला सांगितलं. घरात आम्ही दोन भाषा बोलतो, त्यानं गोंधळ होतोय का, असंही कुणी विचारतं. बाकी तब्येत चांगली आहे. सर्दी तेवढी सारखी असते आणि रात्री घोरतो. हल्ली एखादी गोष्ट दोनदा सांगूनही समोरच्याला कळली नाही, की “जाऊ दे” म्हणतो आणि निघून जातो. तेव्हा पोटात कालवतं. मी काय करू? — एक आई

उत्तर: तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. एक ‘जाऊ दे’चं. दुसरं तुम्ही ओघात लिहून गेलात ते, सर्दी सारखी असते आणि रात्री घोरतो. उच्चारांकडे मी येतेच, पण आधी ही सर्दी बघू, कारण तिचा संबंध थेट बोलण्याशी असू शकतो.

नाकाच्या मागच्या बाजूपासून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. लहान मुलांमध्ये ती आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दी हटत नसली किंवा नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाढलेली असली, तर ही नळी नीट उघडत नाही आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. घोरणं आणि तोंड उघडं टाकून झोपणं ही वाढलेल्या ॲडिनॉइडची नेहमीची खूण. या पाण्यानं बहुतेक वेळा कान दुखत नाही, वाहत नाही, तापही येत नाही. मूल फक्त थोडं कमी ऐकतं, आणि तेही रोज सारखं नाही. म्हणून घरात सगळ्यांना वाटतं, हाक मारली की येतो, म्हणजे ऐकू येतंच. पण हाक ऐकू येणं वेगळं आणि ‘क’ व ‘त’ यांतला फरक ऐकू येणं वेगळं. स्वर दणकट असतात, व्यंजनं त्यांच्या मानानं क्षीण. कान जरा बुजला की आधी व्यंजनंच हरवतात, आणि वर्गातल्या गलक्यात तर नक्कीच.

तेव्हा पहिलं काम हेच: कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा आणि ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणतपासणी करून घ्या. जन्मल्यावर केलेली तपासणी चांगली आली होती म्हणून ही टाळू नका. त्या तपासणीला त्या दिवसापुरतंच ठाऊक होतं, नंतर साचलेल्या पाण्याबद्दल ती काही सांगू शकत नाही. या वयात तपासणी खेळासारखी घेतात. आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. पडद्यामागे पाणी आहे का ते बघणारी दुसरी तपासणी काही मिनिटांची असते आणि तिनं दुखत नाही. पाणी निघालंच तरी धास्ती घेऊ नका. बहुतेक मुलांमध्ये ते तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं. डॉक्टर सहसा तेवढे दिवस वाट बघून पुन्हा तपासतात, आणि पाणी टिकून राहिलं, ऐकू कमी येत राहिलं, तर उपचार सुचवतात. तोपर्यंत त्याच्याशी बोलताना जवळ जा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, आणि मागे चालू असलेला टीव्ही बंद करा. टीव्ही कुणी बघत नसला तरी बोलणं कमी करतो. २००९ साली अमेरिकेत दिमित्री क्रिस्टाकिस आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या अंगावर ध्वनिमुद्रक लावून मोजलं होतं. टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० नी कमी भरले.

आता उच्चारांचं. वयाचा एक ढोबळ ठोकताळा वापरतात. अनोळखी माणसाला दोन वर्षांच्या मुलाचं निम्मं बोलणं कळावं, तीन वर्षांच्या मुलाचं पाऊण, आणि चार वर्षांच्या सुमारास जवळजवळ सगळं. यात ‘कळावं’ म्हटलंय, ‘अचूक असावं’ असं नाही. ‘लाजा घोड्यावल बसला’ हे चुकीचं आहे, पण कळायला काहीच अडचण नाही. उच्चार पुरे व्हायला याहून जास्त वेळ लागतो. शॅरिन मॅक्लिऑड आणि कॅथरीन क्रो यांनी २०१८ मध्ये २७ भाषांमधल्या मुलांचे अभ्यास एकत्र तपासले. त्यात पाच वर्षांपर्यंत बहुतेक व्यंजनं मुलांच्या तोंडी बसलेली दिसली. ओठांनी आणि जिभेच्या टोकानं होणारे प, ब, म, त, द, न लवकर येतात. ‘र’सारखे ध्वनी उशिरा येतात, कारण त्यात जिभेचं टोक थरथरावं लागतं. जोडाक्षरंही वेळ घेतात.

म्हणून तुमच्या यादीतला ‘लाजा’ आज चक्क सोडून द्या. त्याबद्दल टोकू नका, हसू नका, सरावही नको. ‘पुस्तक’मध्ये जोडाक्षर आणि ‘क’ अशा दोन अडचणी एकदम आहेत, तोही शब्द मागे ठेवा. लक्ष द्यायचंय ते ‘क’ आणि ‘ग’कडे. क-ग च्या जागी त-द म्हणणं दोन-तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांत दिसतं आणि साधारण साडेतीन ते चार वर्षांपर्यंत मावळतं. तुमचा मुलगा त्या उंबरठ्यावर आहे. शिवाय एवढ्या एका अदलाबदलीमुळे त्याचं किती बोलणं बुडतंय बघा. का, काय, कोण, कुठे, कधी, किती, कसं, केव्हा: आपले सगळे प्रश्न ‘क’नं सुरू होतात. हा मुलगा विचारतो ‘कसं?’ आणि बाहेर पडतं ‘तसं’. विचारतो ‘केव्हा?’ आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘तेव्हा’. त्यानं प्रश्न विचारला आहे हेच वर्गातल्या कुणाला कळत नसणार. उत्तर न मिळालेलं मूल दोनदा विचारून “जाऊ दे” म्हणतं, यात मला नवल वाटत नाही. पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. क आज ना उद्या येईल. सांगायची हौस गेली, तर ती परत आणणं फार कठीण जातं. पुढे मी जे जे सुचवतेय, ते या हौशीला धक्का न लावता करायचं आहे.

बाबांवर चिडून “दाडी नाही, दाडी!” म्हणणं ही मात्र चांगली खूण आहे. १९६० साली जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी अशाच एका मुलाची नोंद केली. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला इंग्रजीत ‘फिश’ऐवजी ‘फिस’ म्हणायचा, पण मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की नाकारायचा. ‘फिश’ म्हटलं की म्हणायचा, हो, माझा ‘फिस’. म्हणजे योग्य शब्द मुलाच्या डोक्यात असतो, दुसऱ्याची चूक त्याला ऐकू येते, फक्त त्याच्या तोंडून निघताना तो बदलतो आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. (निदान जवळून, शांत खोलीत त्याला फरक कळतो, असा याचा अर्थ. श्रवणतपासणी त्यानं टळत नाही.) बाबांना सांगा, त्याची नक्कल करणं आजपासून बंद. त्याच्या कानांना ती चेष्टाच वाटते, आणि तसं वाटण्यात त्याचं काही चुकत नाही.

समोर बसवून ‘ग… ग… गाडी’ घोकून घेणंही थांबवा. तुमचा हेतू चांगला आहे, पण तो तुम्हाला काहीतरी सांगायला आलेला असतो आणि तुम्ही त्याची परीक्षा घेता. त्याऐवजी त्याच्या म्हणण्याला उत्तर द्या आणि त्या उत्तरातच योग्य शब्द त्याच्या कानावर पडू द्या. तो म्हणाला, “दाडी देली!” तुम्ही म्हणा, “हो, गाडी गेली! केवढी मोठी गाडी. आता गाडी वळली बघ.” एकाच श्वासात तीनदा ‘गाडी’ आली, ‘ग’वर किंचित जोर आला, आणि त्याला ‘पुन्हा म्हण’ असं कुणी म्हटलं नाही. तो म्हणाला तर उत्तम, नाही म्हणाला तरी काम झालेलं आहे. दिवसभर प्रत्येक शब्दाला असं करू नका, बोलणं कृत्रिम होईल. दोन-तीन शब्द धरा, ज्यांची त्याला रोज गरज पडते, आणि काही आठवडे तेच ठेवा.

‘हळू बोल’ हे सांगणंही सोडा. आपण स्वतः सावकाश बोलावं, वाक्य संपल्यावर थांबावं. मूल बोलायला लागलं की मनात पाचपर्यंत मोजावं आणि मगच आपण तोंड उघडावं. मोठ्यांना ती शांतता अवघड जाते. तेवढ्या वेळात मूल शब्द जुळवत असतं.

तो काय म्हणाला ते खरंच कळलं नाही तर? कळल्याचं सोंग करून “हो का, छान” म्हणू नका. मुलांना ते लगेच ओळखू येतं, आणि ‘जाऊ दे’ची सुरुवात बहुतेक तिथेच होते. जेवढं कळलं तेवढं त्याला परत द्या. “तू पडलास, एवढं कळलं मला. कुठे पडलास? घसरगुंडीवर की वर्गात?” दोन पर्याय दिले की त्याला पूर्ण वाक्य पुन्हा रचावं लागत नाही. “दाखव बघू” म्हणा, हातवारे करू द्या, चित्र काढू द्या. हातवाऱ्यांनी बोलणं मागे पडत नाही, उलट गाडी अडत नाही. आणि तरीही नाहीच कळलं, तर दोष आपल्याकडे घ्या: “आज माझ्या लक्षात येत नाहीये, पण मला हे ऐकायचंय. थोड्या वेळानं पुन्हा सांगशील?” आणि थोड्या वेळानं खरोखर आठवणीनं विचारा.

बहीण त्याची दुभाषी झाली असणार. तिला रागावू नका, ती प्रेमानंच करते. फक्त घरात ठरवा की आधी तो सांगणार, आणि त्यानं मदत मागितली तरच ती सांगणार. बालवाडीच्या बाईंसाठी एक छोटी वही ठेवा. घरी काल काय झालं, कोण आलं, तो कशाबद्दल बोलायच्या तयारीत आहे, हे दोन ओळींत लिहा किंवा फोनमधला एखादा फोटो दाखवा. संदर्भ माहीत असला की तेच अस्पष्ट बोलणं एकदम उलगडतं. ‘त’च्या जागी ‘क’ घालून ऐका, एवढं जरी बाईंना सांगितलंत, तरी त्यांना त्याचे निम्मे प्रश्न कळू लागतील.

खेळ म्हणून रोज दहा मिनिटं काढता आली तर ती आधी ऐकण्यावर घालवा. एका कागदावर गाडी, दुसऱ्यावर दाढी काढा. तुम्ही शब्द म्हणायचा, त्यानं चित्रावर हात मारायचा. मग कार आणि तार, गार आणि दार. तोंडावर कागद धरून म्हणा, म्हणजे ओठ बघून ओळखता येणार नाही. हे सहज जमू लागलं आणि त्याच्या तोंडून अधूनमधून ‘ग’ निघू लागला, की पाळी बदला: आता तो म्हणणार आणि तुम्ही हात मारणार. ‘दाडी’ म्हणाला तर दाढीवर हात मारा आणि भाबडेपणानं विचारा, “मला दाढी ऐकू आली, तुला गाडी हवी होती का?” शब्द बदलला की चित्र बदलतं, हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे. पण हा दुसरा भाग घाईनं करू नका. ‘ग’ अजून जमतच नसेल, तर हा खेळ नुसता छळ होतो.

‘क’ तोंडात होतो कसा, ते तुम्ही स्वतः आरशात करून बघा. ‘त’ला जिभेचं टोक दातांना टेकतं. ‘क’ला टोक खाली निवांत असतं आणि जिभेचा मागचा भाग उचलून टाळूच्या मऊ भागाला लागतो. बाहेरून हे दिसत नाही, म्हणून मुलांना ते बघून उचलता येत नाही. उताणं झोपल्यावर जीभ आपसूक मागे सरकते, तेव्हा रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या खोटा खोकला काढायचा खेळ खेळा, ‘कू… कू…’, ‘को… को…’ असे आवाज काढा. ‘ऊ’ आणि ‘ओ’ म्हणताना जीभ मागेच असते, त्यामुळे त्यांच्या सोबतीनं ‘क’ सोपा जातो. पुष्कळ मुलांना तो शब्दाच्या शेवटी आधी जमतो: नाक, एक, आगगाडीचं झुक् झुक्. काही दिवस हसतखेळत करून बघा, नाही आला तर सोडा. चमच्यानं किंवा बोटानं जीभ दाबण्याच्या भानगडीत मात्र घरी पडू नका.

जिभेखालच्या पडद्याचं काय? तो आखूड असला तर अडचण होते ती जिभेच्या टोकाला, टोक वर उचलण्याला. तुमच्या मुलाचं टोक तर ‘त’ आणि ‘द’ व्यवस्थित म्हणतंय, नको तिथेसुद्धा म्हणतंय. अडलंय ते जिभेच्या मागच्या भागाचं काम, आणि पडदा कापून ते सुधारायचं काही कारण नाही. वाचा उपचारतज्ज्ञानं, म्हणजे स्पीच थेरपिस्टनं, तोंड तपासून तसं सांगितल्याखेरीज कात्री लावू देऊ नका. ‘जीभ जड आहे’ या सासूबाईंच्या निदानाचाही असाच विचार करा. बोलण्यासाठी जिभेला ताकद फार थोडी लागते. फुगे फुगवणं, शिट्ट्या, फुंकर मारणं, जीभ बाहेर काढण्याचे व्यायाम पुष्कळ ठिकाणी सांगतात. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात अशा व्यायामांनी उच्चार सुधारतात याला भक्कम पुरावा आढळला नाही. गंमत म्हणून फुगे जरूर फुगवा. ‘क’ मात्र ‘क’ म्हणूनच येतो.

दोन भाषांबद्दल निर्धास्त राहा. दोन भाषा ऐकल्यामुळे उच्चारांचा दोष तयार होत नाही, आणि एक बंद केल्यानं तो जातही नाही. जी भाषा तुमच्या तोंडी सहज येते, तीच त्याच्याशी बोला. भाषा तोडलीत तर त्याच्याशी मोकळेपणानं बोलणारी एक-दोन माणसं तेवढी कमी होतील.

सासूबाईंचं ‘आपोआप सुटेल’ कदाचित खरंही ठरेल. तरी मी वाट बघा म्हणणार नाही. चौथं वर्ष जवळ आलंय, घराबाहेर कुणाला बोलणं कळत नाही, आणि मूल स्वतः माघार घेऊ लागलंय. वाचा उपचारतज्ज्ञाकडे जायला एवढं पुरेसं आहे. श्रवणतपासणीची आणि ही वेळ एकदमच मागा, एकीसाठी दुसरी अडवून ठेवू नका. जाताना तो जसं म्हणतो तसे वीसेक शब्द लिहून न्या, समोर खरा शब्द लिहा. तो रंगात येऊन बोलत असताना फोनवर दोन-तीन मिनिटं ध्वनिमुद्रण करून ठेवा, कारण अनोळखी खोलीत मुलं गप्प होतात. तज्ज्ञ त्याच्याशी खेळतील, चित्रं दाखवून नावं विचारतील, तोंडाची हालचाल बघतील. एकच शब्द तो दर वेळी वेगळा म्हणतो का, स्वरही चुकतात का, बोलताना हवा नाकातून निघते का, हे त्यांना आवर्जून सांगा. यांतलं काही असेल तर उपचारांची दिशा बदलते. येत असलेले शब्द तो विसरू लागला असता, तर मी तुम्हाला दिवसही घालवू नका म्हटलं असतं, पण तसं तुमच्या पत्रात काही नाही.

उपचार सुरू झाल्यावर एक गोष्ट घडेल, तिची आधीच कल्पना देते. आधी सुटा ‘ग’ येईल, मग ‘गा’, मग खेळात ‘गाडी’. आणि त्याच दुपारी पळत येऊन तो सांगेल, “आई, दाडी आली!” सुटा शब्द जमणं आणि घाईत, उत्साहात, पूर्ण वाक्यात तो जमणं यांत अनेक आठवडे, कधी महिने जातात. “आत्ता तर नीट म्हणाला होतास” असं त्या वेळी म्हणू नका, पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. “कुठाय गाडी?” म्हणा आणि बघायला जा.